कोलोनोस्कोपी क्लीन, बायोप्सीत मात्र "लिम्फोसायटिक कोलायटिस". आतड्याच्या अस्तरात नेमकं काय चालू असतं?

पूर्णाकाठ
मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आई गावाकडं असते, जिंतूर तालुक्यात, वय पासष्टच्या पुढं. दिवाळीपासून तिला संडासला पातळ व्हायलंय. रक्त नाही, आव नाही, ताप नाही, नुसतं पाणी. रात्रीसुद्धा उठावं लागतं, आणि कुठं लग्नाकार्याला जायचं म्हणलं की ती आधीच नाही म्हणते कारण घाई लागली की थांबवत नाही. गावात आवेचा कोर्स झाला, मग जंताचा, मग परत आवेचा. मग संभाजीनगरला दुर्बीण केली, रिपोर्ट नॉर्मल, आयबीएस आहे (म्हणजे इजा न दिसणारा पोटाचा त्रास), टेन्शन घेऊ नका म्हणले. दुसऱ्या डॉक्टरांनी परत दुर्बीण करून तुकडे काढले तेव्हा लिम्फोसायटिक कोलायटिस निघालं. हा इम्यून सिस्टीमचा प्रकार आहे एवढंच त्यांनी सांगितलं.
माझा प्रश्न असा, दुर्बिणीच्या फोटोत आतडं चांगलं गुलाबी चकचकीत दिसतंय, मग आजार आहे कुठं? आणि स्वतःचीच इम्युनिटी आतड्याच्या मागं कामून लागली?
चालू गोळ्या : गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, मेडिकलवरून आणून जवळजवळ रोज. सोबत अॅसिडिटीसाठी लॅन्सोप्रॅझोल. आणि बीपीची एक.

जालन्याची_मोसंबी
आमच्या चुलतीला हेच सगळं, अगदी रात्रीचं उठणंसुद्धा. फक्त तिच्या कागदावर कोलॅजेनस कोलायटिस लिहिलंय. दोन्ही एकच का वेगळं? धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

टँकरची_वाट
दादा पाणी तपासा आधी. आपल्याकडं मार्चनंतर बोअरचं पाणी काय येतं ते सगळ्यांला माहितीय. निम्म्या गावाचं पोट बिघडलेलं असतं.

ब्लॉक_आणि_स्लाइड
पूर्णाकाठ दादा, मी नांदेडला हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथं, काम करते. तुमच्या आईसारख्या पेशंटचे तुकडे रोज माझ्या हाताखालून जातात म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, इम्यून भागाचं कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी भर घालावी.

दुर्बिणीतून दिसतो तो फक्त आतड्याचा वरचा पृष्ठभाग. जखम, लाली, सूज, गाठ असली की कळतं. तुमच्या आईच्या आजारात यातलं काहीच नसतं किंवा अगदी किरकोळ असतं. बिघाड पेशींच्या पातळीवर आहे. मोठ्या आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या उंच पेशी. त्यांच्या मधे मधे लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशी नॉर्मल माणसातही असतात, शंभर पेशींमागं साधारण पाच वगैरे. लिम्फोसायटिक कोलायटिसमध्ये हा आकडा २० च्या वर जातो. आमचे सर स्लाइड लावून अक्षरशः मोजतात, आणि शंका राहिली तर सीडी३ चा स्टेन म्हणजे खास रंग करायला लावतात, त्यात टी-लिम्फोसाइट तपकिरी होऊन उठून दिसतात. वरच्या थराच्या पेशीही चेपलेल्या, चपट्या झालेल्या असतात, खालच्या भागात प्लाझ्मा सेल्सची, म्हणजे आणखी एका जातीच्या इम्यून पेशींची, गर्दी असते. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस, ज्यात आतड्यात जखमा होतात, त्याच्यासारखं क्रिप्ट म्हणजे अस्तरातल्या बारीक नळ्या वाकड्यातिकड्या झालेल्या नसतात. नळ्या सरळ, जागच्या जागी. म्हणून वरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

मोसंबी ताई, कोलॅजेनसमध्ये लिम्फोसाइट वाढलेले असतातच, शिवाय त्या वरच्या थराच्या लगेच खाली कोलॅजेनचा पट्टा जाड होतो. नॉर्मल पट्टा ५ मायक्रॉनच्या आतबाहेर, यात १० मायक्रॉनच्या वर. आम्ही मॅसन ट्रायक्रोम स्टेन लावतो, कोलॅजेन निळं होतं आणि तो पट्टा एकदम ठळक दिसतो. यात एक गोम आहे, तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये तिरपा बसला आणि मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या मशीनवर, तिरपा कापला गेला तर साधा पट्टाही जाड दिसतो. म्हणून तुकडा उभा बसवायला आम्ही जिवाचं रान करतो, कारण त्याच्यावर कुणाच्या तरी आईचं निदान अवलंबून असतं.

आणि कळकळीनं सांगते, महिनोन्महिने पाण्यासारखं होत असेल आणि दुर्बीण होत असेल तर तुकडे काढायला सांगा, दुर्बीण नॉर्मल दिसली तरी. तेही उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे, वेगवेगळ्या बाटलीत. नुसत्या गुदाशयाचा एक तुकडा आला की कोलॅजेनस निसटू शकतं, पट्टा सगळीकडं सारखा नसतो.

पूर्णाकाठ
ताई लै उपकार. हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे पहिल्या वेळी दुर्बीण केली तेव्हाही आजार तिथंच होता, तुकडे घेतले नाहीत म्हणून दिसला नाही.

टँकरची_वाट
पण मग पाण्याचं काय? आवेचं औषध घेतलं की दोन दिवस बरं वाटायचं असं त्यांनीच लिहिलंय का? का मी चुकीचं वाचलं?

पूर्णाकाठ
नाही भाऊ, औषधानं फरक पडलाच नाही. घरात सगळे तेच पाणी पितात, बाकी कुणाला काही नाही.

अंबाजोगाई_हॉस्टेल
मी मेडिसिनला रेसिडेंट आहे. ड्यूटी संपली, आता निवांत लिहितो. टँकर दादांचा मुद्दा सोडून द्यायचा नाही, आपल्याकडं आधी इन्फेक्शन, आव, आतड्याचा टीबी, थायरॉइड हे बघावंच लागतं. पण दूषित पाण्याचे जुलाब काही दिवसांत आटोपतात, फार तर काही आठवडे. महिनोन्महिने, रात्रीसुद्धा, रक्त नसलेलं, पन्नाशी-साठीच्या पुढं आणि त्यातही बाईमाणूस, असं चित्र असलं की डोक्यात मायक्रोस्कोपिक कोलायटिस (लिम्फोसायटिक आणि कोलॅजेनस दोन्हींचं एकत्र नाव) आलंच पाहिजे. रात्री झोपेतून उठवणारा जुलाब आयबीएसच्या नावावर टाकायचा नसतो, हे आमच्या सरांनी आम्हाला ठासून सांगितलंय.

आता इम्युनिटी आतड्याच्या मागं का लागली. मला हा विषय लै आवडतो त्यामुळं लांबेल.

स्लाइडवर ताईंनी सांगितलेले जे लिम्फोसाइट पेशींच्या मधे घुसलेले असतात ते बहुतेक सीडी८ जातीचे टी-सेल. यांचं मूळ काम व्हायरस लागलेली किंवा बिघडलेली पेशी ओळखून मारायचं, त्यासाठी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही प्रथिनं यांच्यात भरलेली असतात. आतड्यातल्या एखाद्या गोष्टीला हे सैनिक शत्रू समजायला लागतात. ती गोष्ट काय? माणसागणिक वेगळी असावी. एखादं औषध, पित्तातली आम्लं, जंतूंचा एखादा घटक. पण ती आतड्याच्या आतून वाहणाऱ्या मालातच आहे याला एक फार भारी पुरावा आहे. स्वीडनमध्ये कोलॅजेनस कोलायटिसच्या काही रुग्णांवर, ज्यांना औषधं लागू पडत नव्हती, ऑपरेशन करून लहान आतडं पोटावर बाहेर काढलं, म्हणजे मोठ्या आतड्यातून मळ जाणंच बंद. हे १९९५ ला छापून आलं. जुलाब थांबले आणि स्लाइडवरचा कोलॅजेनचा पट्टासुद्धा कमी झाला. पुढं आतडं परत जोडलं तर आजार परत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण यातून दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. चेतवणारी वस्तू आतून येते, आणि ती थांबली तर अस्तर स्वतःला दुरुस्त करू शकतं.

पुढं काय होतं बघा. अस्तराच्या पेशी इंटरल्यूकिन-१५ नावाचा निरोप सोडतात, त्यानं हे टी-सेल जगतात, वाढतात, तिथंच मुक्काम ठोकतात. टी-सेल उलट इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ-अल्फा ही सूज वाढवणारी प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन-१७ आणि २३ ची पातळीही अस्तरात वाढलेली सापडते. ह्या इंटरफेरॉन-टीएनएफच्या माऱ्यानं दोन पेशींना शिवून ठेवणारी प्रथिनं, ऑक्लुडिन आणि क्लॉडिन-४, कमी होतात. पत्र्याच्या शेडचे नटबोल्ट ढिले झाले की पाऊस आत झिरपतो तसा आतड्यातला माल अस्तराखाली झिरपतो, तिथल्या इम्यून पेशी तो बघून अजून खवळतात, अजून इंटरफेरॉन, अजून ढिलेपणा. हे चक्र एकदा सुरू झालं की आपलं आपण फिरत राहतं.

आणि जुलाब का तर मोठ्या आतड्याचं मुख्य काम सोडियम आत ओढायचं, सोडियमच्या मागं पाणी येतं. लिम्फोसायटिकमध्ये सोडियम ओढणाऱ्या ईनॅक वाहिन्याच मंदावतात. सोडियम आतड्यातच राहिलं की पाणीही तिथंच. शिवाय अस्तरात नायट्रिक ऑक्साइड प्रचंड वाढतं, त्याचाही हातभार. म्हणून रक्त नाही, चिकट नाही, निव्वळ पाणी. जखमा नाहीत कारण अल्सरेटिव्हमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी क्रिप्टमध्ये घुसून तोडफोड करतात, तशा टोळ्या इथं फारशा येत नाहीत.

सोयाबीन_लातूर
बाप रे, एवढं सगळं त्या एका पातळ थरात!! सर एक शंका, हे टी-सेलच दोषी आहेत हे नक्की कशावरून? ते तिथं गर्दी करून असतील पण मुळात नुकसान दुसरंच कुणी करत असेल तर?

अंबाजोगाई_हॉस्टेल
प्रश्न एकदम बरोबर. याचं उत्तर कॅन्सरच्या वॉर्डात सापडलं. पीडी-१ म्हणजे टी-सेलवरचा ब्रेक, तो रोखणारी नवी इम्युनोथेरपी औषधं आहेत ना, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, ती टी-सेलवरचा ब्रेक काढून टाकतात म्हणजे ते कॅन्सरवर तुटून पडतील. ह्या रुग्णांपैकी काहींना जुलाब लागतात, दुर्बिणीत आतडं साफ, आणि तुकड्यात हुबेहूब मायक्रोस्कोपिक कोलायटिस. ब्रेक काढला आणि हा आजार उभा राहिला. याहून स्पष्ट काय पाहिजे. गंमत अशी की साध्या मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये फॉक्सपी३ वाल्या रेग्युलेटरी टी-सेलही अस्तरात वाढलेल्या असतात, म्हणजे शरीर आवरायचा प्रयत्न करत असतंच, तो पुरा पडत नाही एवढंच.

हिंगोलीची_हळद
माझ्या मते मूळ कारण इम्युनिटी कमी होणं आहे. रोज सकाळी गुळवेलाचा काढा आणि हळद द्या, इम्युनिटी वाढली की सगळं बसतं. आम्ही कोरोनापासून घेतो.

अंबाजोगाई_हॉस्टेल
काका, तुमचा हेतू चांगला आहे पण इथं मला ठाम बोलायला लागेल. वरचं परत वाचा. आईची इम्युनिटी कमी पडलेली नाही, आतड्याच्या अस्तरात ती गरजेपेक्षा जास्त आणि चुकीच्या जागी तापलेली आहे. तिला अजून चेतवायचं नसतं, शांत करायचं असतं. आणि ह्या रुग्णांत सीलियाक (गव्हातल्या ग्लुटेननं लहान आतड्याला होणारी इजा), थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, संधिवात असे सोबती आजार बाकीच्यांपेक्षा जास्त असतात. गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला ऑटोइम्यून पद्धतीची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलंय, त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेपही घेतला होता, वाद झाला. वाद काही असो, पण ज्या माणसाची इम्यून सिस्टीम आधीच आपल्याच पेशींवर उठलीय तिच्यावर असले प्रयोग करायचे नाहीत. भाजीतली हळद खाऊ द्या, त्याला काही नाही.

हिंगोलीची_हळद
बरं बरं, समजलं. यकृताचं माहिती नव्हतं. घरी सांगतो.

जालन्याची_मोसंबी
डॉक्टर, आमच्या चुलतीचं राहिलं. तो पट्टा जाड का होतो? आणि पट्टा जास्त जाड म्हणजे आजार जास्त वाढलेला का? तिच्या रिपोर्टवर पट्टा बराच जाड लिहिलाय आणि घरात सगळे घाबरून बसलेत, काका तर कॅन्सर समजून रडायले होते.

अंबाजोगाई_हॉस्टेल
ताई, आधी काकांना सांगा, यानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही. हे आजच सांगा.

पट्ट्याचं असं. क्रिप्टच्या भोवती मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, दुरुस्तीचं साहित्य तयार करणाऱ्या. सततच्या सुजेत टीजीएफ-बीटा हे निरोप देणारं प्रथिन वाढतं आणि ते ह्या पेशींना कोलॅजेन टाकत राहा म्हणून सांगतं. दुसऱ्या बाजूला जुनं कोलॅजेन विरघळवणारी एन्झाइम असतात, त्यांना अडवणारं टिंप-१ वाढलेलं सापडतं. येणं चालू, जाणं बंद, म्हणून साठतं. पण महत्त्वाची गोष्ट, जुलाबाचा जोर पट्ट्याच्या जाडीवर ठरत नाही. तो खालच्या थरातली सूज किती आहे त्याच्याशी जुळतो. त्यामुळं जाड पट्ट्याला घाबरायचं काम नाही.

एक आणखी फरक. कोलॅजेनसचा जनुकांशी संबंध ठळक सापडलाय, एचएलए म्हणजे इम्युनिटीशी संबंधित जनुकं, त्यातला ८.१ नावाचा जुना गट, तोच गट इतर बऱ्याच ऑटोइम्यून आजारांत दिसतो. लिम्फोसायटिकमध्ये तसा ठळक संबंध मिळालेला नाही. त्यामुळं वरून जुळी वाटणारी ही दोन भावंडं आतून थोडी वेगळी असावीत असं मला वाटतं. नावंसुद्धा वेगवेगळ्या वेळी आली, कोलॅजेनस १९७६ ला स्वीडनच्या लिंडस्ट्रॉम यांनी मांडलं, मायक्रोस्कोपिक कोलायटिस हे नाव १९८० चं, लिम्फोसायटिक १९८९ चं. उपचार मात्र दोन्हीला जवळजवळ सारखेच.

ब्लॉक_आणि_स्लाइड
मी फक्त एक भर घालते, कधी कधी एकाच पेशंटचे काही वर्षांच्या अंतरानं तुकडे येतात आणि आधी लिम्फोसायटिक असलेलं पुढं कोलॅजेनस दिसतं, किंवा उलट. तेव्हा रिपोर्ट वेगळा आला म्हणून लॅब चुकली असं समजू नका.

सोयाबीन_लातूर
पूर्णाकाठच्या आईच्या गोळ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. डायक्लोफेनॅक रोज??

अंबाजोगाई_हॉस्टेल
तिकडंच येत होतो, खरं तर हेच सगळ्यात आधी लिहायला पाहिजे. मायक्रोस्कोपिक कोलायटिसशी ज्या औषधांचा संबंध वारंवार सापडलाय त्यात डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि अॅसिडिटीच्या पीपीआय गोळ्या, त्यातही लॅन्सोप्रॅझोल, वरच्या नंबरला आहेत. शिवाय सर्ट्रालिनसारखी डिप्रेशनची औषधं. बीपीच्या गोळ्यांत ओल्मेसार्टन, तिनं लहान आतड्यालाही सीलियाकसारखी इजा होते, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१३ लाच इशारा दिलाय. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही हा आजार जास्त. दादा, आईच्या बीपीच्या गोळीचं नाव बघा, पण ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. आपल्या गावागावांत दुखायला लागलं की मेडिकलवरून पट्टी आणायची, त्या पट्टीनं जळजळ झाली की अॅसिडिटीची दुसरी पट्टी, आणि वर्षानुवर्षं दोन्ही चालू. कापूस वेचून, खुरपून गुडघे गेलेल्या बायकांचं हेच चालू असतं आणि त्यांना कुणी विचारतही नाही काय खाताय म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं. ओपीडीत मी आता प्रत्येकाला पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढायला लावतो.

पूर्णाकाठ
गोळीचं नाव पाहिलं, टेल्मिसार्टन आहे. डॉक्टरांशी फोनवर बोललो, ती चालू ठेवा म्हणले, डायक्लोफेनॅक आणि लॅन्सोप्रॅझोल दोन्ही बंद करायला सांगितल्या, दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि ब्युडेसोनाइडच्या कॅप्सूल लिहून दिल्यात, ९ मिलिग्रॅम सकाळी एकदा, आठ आठवडे. स्टेरॉइड आहे म्हणल्यावर आई घाबरायली, आमच्या शेजारच्या आजीचं तोंड सुजलं होतं स्टेरॉइडनं.
आणखी एक, गव्हाची चपाती बंद करावी का? मेहुणा म्हणतो ग्लुटेन सोडा.

अंबाजोगाई_हॉस्टेल
ब्युडेसोनाइड हेच यातलं पहिल्या नंबरचं औषध, डॉक्टरांनी बरोबर दिलंय. कॅप्सूल आतड्यात उघडते, टी-सेलचा निरोपानिरोपीचा कारभार तिथल्या तिथं थंड करते, आणि पुढं रक्तात जाताना यकृत त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पहिल्याच फेरीत निकामी करतं. म्हणून शेजारच्या आजीनं घेतलेल्या गोळ्यांइतका त्रास यात सहसा होत नाही. आईला हे असंच समजावून सांगा. मात्र मनानं डोस वाढवणं, लांबवणं नको.

गव्हाचं : सीलियाक ह्या रुग्णांत जास्त सापडतं म्हणून टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी एकदा करा, आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी फसवी येते. निगेटिव्ह आली तर गहू सोडायचं कारण नाही. पॉझिटिव्ह आली तरी आपण मराठवाड्यातली माणसं, ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतंच, फक्त पीठ गव्हाच्या मागून त्याच गिरणीत दळायचं नाही. चहा-कॉफी आणि दूध कमी करून बघा, काहींना दुधानं जास्त होतं. ताकानं त्रास होत नसेल तर घेऊ द्या. पाणी-मीठ-साखर चालू ठेवा, उन्हाळ्यात ह्या वयात डिहायड्रेशन पटकन होतं.

जालन्याची_मोसंबी
चुलतीला ब्युडेसोनाइडनं पंधरवड्यात फरक पडला होता पण बंद केल्यावर परत चालू झालं. मग आता?

अंबाजोगाई_हॉस्टेल
हे बऱ्याच जणांना होतं ताई, निम्म्याहून जास्त लोकांत औषध थांबवल्यावर उलटतं. औषध सूज विझवतं, चेतवणारी वस्तू तिथंच असते ना. अशा वेळी परत सुरू करून सगळ्यात कमी डोसवर ठेवतात आणि हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी बघतात. पित्ताची आम्लं मोठ्या आतड्यात जास्त उतरत असतील तर ती बांधून ठेवणारी कोलेस्टिरामीनची पावडर कामाला येते, बऱ्याच रुग्णांत हा भाग सोबत असतो. इतकं करूनही बसलं नाही तर टीएनएफ रोखणारी औषधं किंवा व्हेडोलिझुमॅब, जे टी-सेलला आतड्यात शिरूच देत नाही. पण तिथपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं. आधी चुलतीच्या औषधांची पिशवी तपासा.

पूर्णाकाठ
आज गावाकडून फोन होता. दोन्ही गोळ्या बंद आणि कॅप्सूल चालू करून झाले काही दिवस, आई म्हणायली रात्रीचं उठणं बंद झालंय. गुडघे दुखायलेत पण शेकते म्हणाली. टीटीजी निगेटिव्ह आली. कोर्स संपल्यावर दुर्बीण परत करावी लागेल का? तिला त्या पोट साफ करायच्या पावडरीची फार धास्ती आहे.

ब्लॉक_आणि_स्लाइड
वा, लै बरं वाटलं वाचून! कोर्सनंतर पुन्हा तुकडे सहसा आमच्याकडं येत नाहीत, जुलाब बसले की तोच पुरावा धरतात.

अंबाजोगाई_हॉस्टेल
हो, परत दुर्बिणीची गरज नाही. आठवड्याचा हिशेब बघा, रोज सरासरी तीनपेक्षा कमी वेळा जाणं आणि त्यात पाण्यासारखं एकपेक्षा कमी, म्हणजे आजार शांत आहे असं धरतात. रक्त दिसलं, वजन उतरलं, ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. आणि गुडघ्यासाठी ऑर्थोकडं घेऊन जा, नाहीतर दुखणं वाढलं की कुणीतरी परत तीच पट्टी आणून देईल.